नाकासमोर मॅडम

माझी वहिनी कॉलेजात कुणाला ओळख दाखवायची नाही. मला तर नाहीच नाही. सकाळी आम्ही दोघी एकाच किटलीतला चहा पिऊन घराबाहेर पडायचो, क्वार्टर्सच्या फाटकापर्यंत भाजीवरून भांडायचो, आणि मुख्य इमारतीची पहिली पायरी आली की ती जी नाकासमोर बघत चालायला लागायची ती थेट आपल्या खोलीपर्यंत. वाटेत प्राचार्य भेटोत, झाडूवाली भेटो, नाहीतर मी स्वतः घेरी येऊन पडलेली असो, तिची मान वळायची नाही. मुलांनी तिचं नाव ‘नाकासमोर मॅडम’ ठेवलं होतं. मला ते इतकं पसंत पडलं की घरी रागावले की मीही तेच वापरायचे.

ती कॉलेजची समुपदेशक होती. मुलं तिच्याकडे येऊन बसत, बोलत, रडत. आता ज्या मुलीने काल तुमच्यापुढे हुंदके देऊन रडून घेतलंय, ती आज मैत्रिणींच्या घोळक्यात हसत चाललेली असताना तुम्ही तिला “काय गं, कशी आहेस?” असं विचारलंत, तर मैत्रिणी लगेच विचारणार, ‘तुला कशी ओळखते गं ती?’ म्हणून वहिनी आपण होऊन ओळख दाखवत नसे. कुणी स्वतःहून हसलं तर मात्र ती असं हसायची की समोरच्याचा दिवस बरा जावा.

“मग मला का नाही ओळख दाखवत? मी काय तुझ्यापुढे रडायला येते?” मी सुरुवातीला तणतणत विचारलं होतं.

“तुला दाखवली आणि दुसऱ्या कुणाला नाही, तर ज्याला नाही दाखवली तो उघडा पडेल. एकतर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही.”

मी हात टेकले. तिच्याशी वाद घालताना माझं नेहमी असंच व्हायचं.

तिची खोली लायब्ररीच्या मागच्या अंगाला होती. पूर्वी तिथे फाटके नकाशे आणि मोडक्या खुर्च्या ठेवत. खोली तिने मागून घेतली ती तिला दोन दारं होती म्हणून. एक दार लायब्ररीत, शब्दकोशांच्या कपाटामागे, आणि दुसरं सायकल स्टँडकडे. येणाऱ्याने लायब्ररीतून यायचं, जाणाऱ्याने सायकलींमधून जायचं. लायब्ररीत शिरणाऱ्याला ‘कुठे चाललास’ असं कुणी विचारत नाही, आणि शब्दकोशांकडे तर आपण होऊन कुणी फिरकत नाही.

मी त्याच लायब्ररीत पुस्तकांची देवघेव बघते. माझं टेबल त्या कपाटांकडे तोंड करून होतं. वहिनीने पहिल्याच आठवड्यात येऊन सांगितलं, “टेबल फिरव.” मी म्हटलं, “वहिनी, तिकडे दार आहे, थंडीत वारा सरळ तोंडावर येतो.” ती म्हणाली, “मग शाल घे.” तेव्हापासून मी कपाटांकडे पाठ करून बसते. पाठीमागून पावलं यायची, बिजागरी जरा करकरायची, दार लागायचं. कोण ते मी कधी वळून पाहिलं नाही. माझ्यासारखी चौकस बाई हे कसं करू शकली याचं माझ्या आईला मरेपर्यंत नवल वाटत होतं.

ती कागदावरही काही ठेवायची नाही. नोकरीच्या सुरुवातीला ठेवायची. मग एकदा ऑफिसातल्या कुणीतरी कपाट उघडून एका मुलीबद्दलचं वाचलं, हॉस्टेलभर झालं, आणि ती मुलगी सामान बांधून निघून गेली. वहिनी तिच्या गावी जाऊन आली, तिच्या आईवडिलांच्या शिव्या खाऊन आली. त्यानंतर जे काही होतं ते तिच्या डोक्यात. वरच्यांनी अहवाल मागितले, दम दिला, विनवण्या केल्या. ही ढिम्म. “माझं डोकं कुणाला उघडता येत नाही,” एवढंच म्हणायची.

त्या डोक्यात घरच्यांसाठी मात्र कधीच जागा नव्हती. दूध उतू जाणं, चष्मा फ्रीजमध्ये सापडणं, पाहुण्यांना बोलावून आपणच बाहेर निघून जाणं, हे माझ्या भावाच्या लग्नापासून चालू होतं. दादा म्हणायचा, “हिने डोकं कॉलेजला भाड्याने दिलंय. आपण आपलं ओसरीवर राहायचं.” तो गेल्यावर मी माझं बिऱ्हाड उचलून तिच्याकडे आणलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. ‘कॉलेजातली सगळी मुलं तुमचीच की’ असं लोक तिला म्हणत, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई. तिला काय वाटे ते तिने कधी सांगितलं नाही. ऐकायची सवय लागलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, हे मी तिच्याकडे बघून शिकले.

आमचे प्राचार्य माणूस वाईट नाहीत, पण त्यांना फलकांची फार हौस. दरवर्षी ते ‘मनःस्वास्थ्य सप्ताह’ साजरा करत. जिन्याजिन्यावर हसरे पिवळे चेहरे चिकटवले जात. शिक्षकांना मैदानात उभं करून मोठमोठ्याने हसायला लावत, आणि ज्यांची बढती अडली होती तेही बिचारे हात वर करून हसत. व्यासपीठावर वहिनीला बसवत. ती दोन वाक्यं बोलून खाली उतरायची आणि नाकासमोर बघत खोलीत जायची. सप्ताह संपला की पिवळे चेहरे खरवडायला आठवडा लागायचा, आणि पाठीमागच्या दाराची करकर मात्र वाढलेली असायची. त्यात जोड्यांचाही आवाज असायचा. विद्यार्थी जोडे घालत नाहीत, चपला आणि कॅनव्हासचे बूट घालतात. म्हणजे मास्तर लोकही यायचे. एवढं मला पाठीलासुद्धा कळायचं.

तर अशी ही बाई. आणि तिच्या बाबतीत हे असं झालं.

गेल्या वर्षी एकदा पोर्चमध्ये मी तिला हाक मारली. तिने वळून हसून मला “नमस्कार” केला आणि पुढे गेली. मी घरी आल्यावर तिची भरपूर टर उडवली. “नणंदेला नमस्कार! मानपान वाढला हो आमचा!” तीही हसली. मग एकदा ती प्राचार्यांच्या समोरून त्यांनी हात केला तरी निघून गेली. प्राचार्य म्हणाले, मॅडम फार तत्त्वाच्या. एकदा एका शिपायाला तिने तिच्याच खोलीची वाट विचारली. त्याने सगळ्यांना सांगितलं, मॅडमनी आज चक्क गंमत केली. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. जी बाई कुणाला ओळखतच नाही, ती ओळख विसरतेय हे ओळखायचं कसं? तिनेच आम्हाला न बघायला शिकवलं होतं, आणि आम्ही सगळे तिचे गुणी विद्यार्थी निघालो.

परीक्षेच्या आधीचे दिवस होते. लायब्ररी गच्च भरलेली. दुपारी पाठीमागून अगदी जवळ आवाज आला, “वन्सं, जरा येता?”

मी तिच्याहून बरीच धाकटी. ‘वन्सं’ ती मला फक्त चिडवायला म्हणायची. पण त्या आवाजात चिडवणं नव्हतं. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा खुर्ची फिरवली. वहिनी शब्दकोशांच्या कपाटाला धरून उभी होती. चेहरा पांढराफटक.

“आत एक मुलगी बसलीय,” ती हळूच म्हणाली. “ती म्हणते, तुम्ही सांगितलंत तसं मी केलं, आता पुढे काय करू? मी तिला काय सांगितलं होतं?”

“मला कसं ठाऊक असणार वहिनी?”

“मला तीच ठाऊक नाही गं. मी तिला कधी पाहिलेलंच नाही.”

मी काहीतरी बोलणार तोच तिने माझा हात दाबला, दोनदा श्वास घेतला, आणि आत जाऊन दार लावलं. दाराआडून तिचा आवाज ऐकू आला. नेहमीसारखाच, सावकाश. “बाळ, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मी विसरलेय. तुझी चूक नाही, माझी तब्येत बरी नाही. तू मला पहिल्यापासून सांगशील?” मी तिथून हलले. कान असले तरी ते वापरायचे नाहीत ही आमच्या घरची शिकवण.

ती मुलगी गेल्यावर वहिनीने दोन्ही दारं लावली आणि खोलीत कितीतरी वेळ बसून राहिली. संध्याकाळी फाटकापाशी पोचल्यावर भाजीचा विषय निघाला नाही.

डॉक्टरांनी चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले, डोक्याचे फोटो काढले. मग विचारलं, “माणसं ओळखायला त्रास कधीपासून होतोय?” आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आम्हाला हसू आलं. भयंकर हसू आलं. डॉक्टर बिचारे कावरेबावरे झाले. मग वहिनीचं हसू थांबलं आणि माझं थांबेना, आणि ते रडणं आहे हे तिलाच आधी कळलं. तिने रुमाल काढून दिला. आजार तिचा, रुमाल मला. ही आमची वहिनी.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. विसरणं वाढत जाईल म्हणाले. औषधाने जरा सावकाश वाढेल, एवढंच.

घरी आल्यावर ती चपला न काढता खुर्चीत बसली आणि म्हणाली, “माझं काय व्हायचं ते होईल. मुलांचं काय? कोणकोण येतंय ते फक्त मला माहीत होतं. आता मलाही नाही.”

“नवीन समुपदेशक येईल ना.”

“येईल. पण तिने कुणाला बोलवायचं? आणि मुलं स्वतःहून येतील असं तुला वाटतं? त्यांनी एकदा कसंबसं धाडस केलं. परत अनोळखी माणसापुढे पहिल्यापासून सुरुवात करायची? निम्मी परत फिरतील.” मग वाकून चपला काढत म्हणाली, “त्यातलं एक जण गच्चीचं बोललं होतं.”

“काय बोललं होतं?”

“‘गच्चीवरून खाली बघितलं की बरं वाटतं.’ एवढं एकच वाक्य डोक्यात राहिलंय. ते कुठल्या अर्थाने होतं ते मला नीट समजलं होतं. त्यावर मी काहीतरी ठरवलंही होतं. काय ते आठवत नाही. मुलगा होता की मुलगी तेही आठवत नाही. चेहराच नाही त्या वाक्याला.”

ती आपलं दुखणं विसरून त्या एका वाक्यामागे लागली. जेवताना ते वाक्य पुटपुटायची. वेगवेगळ्या आवाजात म्हणून बघायची, जाड, बारीक, घोगऱ्या. कुठल्या तरी आवाजात चेहरा सापडेल या आशेने. मला ते बघवत नव्हतं.

आम्ही प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. आधी त्यांनी त्याच दिवशी सगळ्या गच्च्यांना कुलपं घालायला सांगितली, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. मग मात्र त्यांच्यातला फलकवाला जागा झाला.

“नोटीस लावू,” ते म्हणाले. “समुपदेशनाचा लाभ घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी कार्यालयाशी संपर्क साधावा.”

“आणि खिडकीपाशी रांग लावावी!” माझ्या तोंडून गेलंच. “सर, कोण येईल? सगळ्यांदेखत?”

“नोटीस वाचून जे येतील त्यांना माझी गरज नव्हतीच,” वहिनी म्हणाली. “सर, तुम्ही नवीन बाईंना लवकर बोलवा. माझ्या खोलीत त्यांना बसवा. मुलांना मी आणून देते.”

“पण तुम्हाला ती ओळखू येत नाहीत ना?”

“म्हणूनच,” ती म्हणाली. “मी सगळ्यांनाच विचारणार.”

घरी मी तिच्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, सगळं आयुष्य जो नियम जपलास तो आता चव्हाट्यावर मोडणार? लोक हसतील. तुझं हसं झालेलं मला चालणार नाही. ती शांतपणे औषधाच्या गोळ्या वेगळ्या करत होती. म्हणाली, “नियम त्यांच्यासाठी होता, माझ्या शोभेसाठी नव्हता. आणि हसले तर हसू देत. एकीला विचारलं तर ती उघडी पडेल. सगळ्यांना विचारलं तर कोण उघडं पडणार?”

मी तिच्या गोळ्यांसाठी पाणी आणायला उठले.

नवीन मॅडम रुजू झाली त्या सोमवारपासून वहिनी मधल्या सुट्टीत मुख्य जिन्याच्या तळाशी उभी राहायला लागली. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाकडे बघून, अगदी डोळ्यांत बघून, ती विचारायची, “कसा आहेस?” “कशी आहेस गं?” आणि मग आवाज न चढवता, “माझी तब्येत बिघडलीय. आता माझ्या जागी दुसऱ्या मॅडम आहेत. खोली तीच आहे. चांगल्या आहेत.” प्रत्येकाला तेच. पोरं आधी दचकली. मग खिदळायला लागली. ‘नाकासमोर मॅडमची मान वळली!’ असं कुणीतरी जिन्यावरून ओरडलं. दोन टारगट पोरं पुन्हापुन्हा वर जाऊन खाली उतरत होती, आणि ती त्यांना दर खेपेला नव्याने विचारत होती, “कसा आहेस?” मला त्या दोघांना कानाखाली द्यायची होती. चौथ्या-पाचव्या खेपेला त्यातल्या एकाचा चेहरा उतरला. त्याला काय उमगलं कोण जाणे. त्याने दुसऱ्याला दंडाला धरून बाजूला नेलं.

हसणं दोन-तीन दिवसांत ओसरलं. मुलं तिच्यापुढे येऊन थांबायला लागली. कुणी “बरी आहे मॅडम” म्हणे. कुणी “तुम्ही कशा आहात?” असं विचारी, आणि ती खरं उत्तर देई, “आज जरा बरी आहे.” गणिताच्या सरांना तिने विचारलं. ऑफिसच्या सुपरिंटेंडंटला विचारलं. दारावरच्या वॉचमनला तर रोज. वॉचमन मला म्हणाला, “ताई, आजवर मला इथे कुणी कसा आहेस असं विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी मला उत्तरच सुचेना.” प्राचार्यही एकदा उतरले. ती म्हणाली, “कसे आहात?” ते सवयीने “उत्तम, उत्तम” म्हणाले, दोन पावलं पुढे गेले, आणि परत येऊन तिच्याशी काहीतरी हळू बोलले. त्या दिवशी दुपारी माझ्या पाठीमागून जोड्यांचा आवाज गेला. मी समोरच्या दारातून येणारा वारा खात बसून राहिले.

नवीन मॅडम तरुण होती. कापलेले केस, खांद्यावर पोत्याएवढी पिशवी. मी आधी नाक मुरडलं. पण तिने आल्या आल्या दोन्ही दारं उघडून, लावून पाहिली, आणि माझ्या टेबलाकडे बघून म्हणाली, “हे असंच राहू द्याल ना?” मी म्हटलं, राहू देते. तेव्हापासून तिच्याबद्दल मी वाईट बोलले नाही.

दार करकरत होतं. रोज थोडं जास्त करकरत होतं. वहिनीला हे सांगितलं की ती विचारायची, “गच्चीवालं?” आणि मला काय ठाऊक असणार?

सुट्ट्या लागायच्या सुमाराला नवीन मॅडम माझ्या टेबलापाशी आली. लायब्ररीत तेव्हा चिटपाखरू नव्हतं. म्हणाली, “वहिनींना एवढंच सांगा. त्या ज्यांना शोधत होत्या, त्यांची भेट झाली. घरच्यांशी बोलणं झालं, डॉक्टर बघतायत. जिन्यापाशी वहिनींनी ‘कसं काय’ विचारलं म्हणूनच आले, असं म्हणाले ते स्वतः.” कोण ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. टेबलावर डोकं टेकून मी मनसोक्त रडून घेतलं, आणि तिने मला रडू दिलं.

घरी जाऊन वहिनीला सांगितलं. तिने मला तीनदा तेच वाक्य म्हणायला लावलं. मग डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरची एकेक आठी सुटत गेलेली मी बघितली. दादा गेल्यापासून तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. “सापडलं,” ती म्हणाली. “सापडलं गं बाई.” त्या दिवशी ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालून दारात उभी. “चल ना लवकर. ते गच्चीवालं पोर अजून सापडलं नाही.”

मी तिला पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच आनंद, तेच डोळे मिटणं. आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चपला. आजाराचं हे क्रौर्य मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने तिची भीती तेवढी जागेवर ठेवली आणि सुटका पुसून टाकली. दादाचं नाव गेलं, तिचं स्वतःचं आडनाव गेलं, साखर कशात ठेवतात ते गेलं. ते वाक्य काही जाईना.

कायद्याने ती आता निवृत्त होती. क्वार्टर सोडून आम्ही समोरच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. मी कामाला निघाले की ती बरोबर येते. तिला अडवायचं नाही असं प्राचार्यांनी सगळ्यांना बजावलंय. त्यांनी जिन्यापाशी तिच्यासाठी पाठ टेकायची खुर्ची ठेवलीय, आणि तिच्यावर कसलाही फलक लावलेला नाही. नवी मुलं तिला ‘कशीआहेस आजी’ म्हणतात. जुनं नाव आता कुणाला माहीत नाही. ती खुर्चीत बसत नाही. उभी राहते, प्रत्येक चेहऱ्यात बघते, विचारते, आणि चेहरा पुढे गेला की तिचे डोळे पुन्हा जिन्याकडे लागतात. तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. दुपारी मी तिला घरी न्यायला जाते तेव्हा तिचे पाय सुजलेले असतात.

परवा मी अशीच तिला न्यायला गेले. शेवटचा तास सुरू झालेला, जिना रिकामा. मी वरच्या मजल्यावर एका सरांना पुस्तकं देऊन उतरत होते. तिने मला उतरताना पाहिलं. मी शेवटच्या पायरीवर आले तशी ती पुढे झाली.

“कशी आहेस, बाळ?”

मी म्हटलं, “बरी आहे. चला, घरी जायचं ना?”

ती हलली नाही. माझ्या डोळ्यांत बघत राहिली. तिच्या त्या खोलीत, दोन्ही दारं लावून, ती लोकांकडे कशी बघत असेल ते मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. ते आता कळलं. असं कुणी माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं.

“तू माझ्याकडे यायचीस का?” तिने विचारलं. “मला नीट आठवत नाही, रागावू नकोस. गच्चीचं तूच बोलली होतीस का?”

मी नाही म्हणणार होते. रोजच्यासारखं सांगणार होते, वहिनी, ते सापडलं, बरं आहे. तिच्या पायांकडे लक्ष गेलं आणि माझ्याच्याने ते होईना.

“हो,” मी म्हणाले. “मीच ती.”

तिने माझे दोन्ही हात धरले. घट्ट. “किती शोधलं तुला,” ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “आता कसं वाटतं? अजून जातेस का गच्चीवर?”

“नाही जात.”

“खरं सांग.”

“खरंच नाही जात.”

तिने मान हलवली. मग पहिल्यांदाच ती त्या खुर्चीत बसली, मला हाताला धरून समोरच्या पायरीवर बसवलं, आणि पुढे वाकून, कुणी ऐकू नये इतक्या हळू आवाजात विचारलं, “घरी कोण आहे तुझं?”

“वहिनी आहे,” मी म्हणाले.

“चांगली आहे का?”

“खूप चांगली आहे.”

“मग एकटीने सोसू नकोस,” ती म्हणाली. “आज घरी गेलीस की तिला सगळं सांग. ती ऐकेल.”

“सांगते,” मी म्हणाले.